वेळ छापा : नागपूरच्या क्रीडा पानांना एक खुले पत्र

मा. क्रीडा संपादक, उपसंपादक आणि क्रीडा वार्ताहर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. सव्वीस वर्षं झाली. शाळा भरायच्या आधी दीड तास आणि सुटल्यावर दीड तास मी पोरांना पळवते. आमच्या क्रीडा साहित्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, की दाराच्या आतल्या बाजूला तुमच्या पानांवरची कात्रणं चिकटवलेली दिसतात. ती सगळी मुलांनी आणलेली. कोणी वडिलांच्या पानठेल्यावरून, कोणी घरमालकांकडून मागून. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी पेपर येत नाही, पण कात्रण येतं. हे आधीच सांगते, म्हणजे तुमचं पान आमच्याकडे किती मन लावून वाचलं जातं ते तुम्हाला कळेल.

यंदा, २०२५ मध्ये, त्या दारावर महिनाभराच्या अंतराने दोन कात्रणं आली. ती शेजारी शेजारी लागली आणि मला हे पत्र लिहिल्याशिवाय राहवेना.

पहिलं कात्रण सप्टेंबर अखेरचं. टोकियोची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा संपल्याची बातमी. ‘भारतीय चमू रिकाम्या हाताने’ असा मथळा, एक स्तंभ, अकरा ओळी. अकरा ओळींत एकही वेळ नाही, एकही अंतर नाही. नीरज चोप्रा आठवा आला एवढं होतं. बाकीच्यांची नावं ‘आदी खेळाडू’ या दोन शब्दांत आटोपली होती.

आता त्याच स्पर्धेतला एक दिवस आम्ही कसा पाहिला ते सांगते.

१६ सप्टेंबर, मंगळवार. टोकियोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथली रात्रीची फायनल आपल्याकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास, ऐन सरावाच्या वेळी आली. मी सराव थांबवला. पायरीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून माझा मोबाइल उभा केला आणि सतरा-अठरा डोकी त्याच्याभोवती गोळा झाली. पुरुषांची उंच उडी. निफाड तालुक्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे फायनलमध्ये होता. जागतिक स्पर्धेत उंच उडीची फायनल गाठणारा तो पहिला भारतीय. आमच्याकडे उंच उडीची धड गादी नाही, वाळूचा खड्डा आहे. सर्वेशनेही गावच्या शाळेत मक्याच्या भुसकटावर पडून उडी शिकली, हे मी मुलांना सांगितलं होतं. त्यामुळे तो धावत बारकडे निघाला, की आमच्याकडे कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

त्याने २.२८ मीटर पार केलं. आजवरच्या आयुष्यात तो यापेक्षा उंच कधी गेला नव्हता. पुढे २.३१ जमलं नाही. सहावा आला.

मोबाइल बंद केल्यावर एका मुलाने विचारलं, “मॅडम, २.२८ म्हणजे कुठपर्यंत?” मी मोजपट्टी आणली. आमच्या खोलीचं दार सात फुटी, म्हणजे २.१३ मीटर. दाराशेजारच्या भिंतीवर स्टुलावर चढून मी खडूने तीन रेघा मारल्या. पहिली २.१५ वर, दारापेक्षा जेमतेम उंच. गेल्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सर्वेश तेवढ्यावरच थांबला होता. दुसरी २.२८ वर. तिसरी २.३१ वर, कारण त्या फायनलमध्ये कांस्यपदक त्या उंचीला मिळालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मध्ये दोन बोटं बसतात, जास्त नाही. मुलं आळीपाळीने स्टुलावर चढून ती दोन बोटं लावून पाहत होती. आमची एक मुलगी पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत वीत लावत म्हणाली, “मॅडम, एका वर्षात इतकं?” हो. तेरा महिन्यांत तेरा सेंटिमीटर, तेही जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर. भारताचा राष्ट्रीय विक्रम तेव्हा २.२९ होता, तेजस्विन शंकरचा, २०१८ मधला. सर्वेश त्याच्या एक सेंटिमीटर खाली होता.

दुसऱ्या दिवशी मुलांनी पेपर आणला, तर त्यात चार ओळी होत्या. त्या दिवसांत आशिया चषक क्रिकेट चालू होतं, जागा कुठे गेली ते मला समजतं. क्रिकेटवर माझा राग नाही, माझीही निम्मी पोरं क्रिकेट खेळतात. माझी तक्रार त्या चार ओळींबद्दल आहे. ‘पदकापासून वंचित’ असं त्यांत होतं. २.२८ हा आकडा नव्हता.

उंच उडीनंतर दोन दिवसांनी भालाफेकीची फायनल झाली. सगळं लक्ष नीरजकडे होतं आणि ते स्वाभाविकच होतं. २०२१ पासून स्पर्धेमागून स्पर्धेत पहिल्या दोनात राहिलेला, मे महिन्यात दोहाला ९०.२३ मीटर फेकून नव्वदी ओलांडलेला खेळाडू तो. टोकियोत ८४.०३ वर अडकला. पाठ दुखत असताना तो उतरला होता, हे त्याने नंतर सांगितलं. त्याच फायनलमध्ये उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्याचा सचिन यादव ८६.२७ मीटर फेकून चौथा आला. त्याची ही पहिलीच जागतिक स्पर्धा आणि आयुष्यातली सर्वोत्तम फेक. कांस्यपदक ८६.६७ ला गेलं, म्हणजे अंतर ४० सेंटिमीटर. हातभरही नाही. नव्वदी पाहिलेले भालाफेकपटू त्या दिवशी मैदानात असताना हा नवखा पोरगा त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पुढे राहिला. माझ्या मते ती यंदाची सगळ्यात मोठी भारतीय क्रीडा बातमी होती. कात्रणात सचिनचं नाव नाही.

या स्पर्धेला भारताचा १९ जणांचा चमू होता. तिथे नुसतं पोहोचणं म्हणजे काय, हे एकदा वाचकाला सांगून पाहा. उंच उडीला जगातून साधारण ३६ जण घेतात. थेट प्रवेश हवा तर २.३३ मीटर लागत होते. ते न जमल्यास वर्षभर देशोदेशी खेळून जागतिक क्रमवारीत गुण मिळवायचे. सर्वेश असाच आत गेला. एका देशाचे एका प्रकारात जास्तीत जास्त तीन जण असतात, गतविजेता असला तर चौथा. भालाफेकीत भारताचे चौघं होते. भालाफेक म्हटली की आपण फिनलंड, जर्मनी, चेक प्रजासत्ताक ही नावं घेत आलो, आणि आता चार भाले आपले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला तेजस शिरसे ११० मीटर अडथळ्यांत हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, धावला. १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम तेव्हा त्याच्या नावावर होता. त्याचं नाव आमच्या पोरांना मी सांगितलं म्हणून माहीत. आणि अविनाश साबळे का नव्हता? बीडच्या या पठ्ठ्याने मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमीच्या आशियाई मैदानी स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचं, सुवर्ण घेतलं आणि जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत गुडघा जायबंदी करून घेतला. हे एक वाक्य त्या अकरा ओळींत सहज बसलं असतं.

‘रिकाम्या हाताने’ हा शब्द मला फार लागतो. जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा १९८३ पासून होतेय, टोकियोची विसावी होती. भारताची त्यातली एकूण पदकं तीन. २००३ मध्ये पॅरिसला अंजू बॉबी जॉर्जचं लांब उडीतलं कांस्य, ६.७० मीटर. मग २०२२ मध्ये युजीनला नीरजचं रौप्य आणि २०२३ मध्ये बुडापेस्टला सुवर्ण. म्हणजे वीसपैकी सतरा वेळा आपण ‘रिकाम्या हाताने’ आलो. २०१५ मध्ये बीजिंगला साताऱ्याची ललिता बाबर स्टीपलचेसमध्ये जगात आठवी आली, तीही त्या सतरांतल्या एका वर्षी. तिला रिकाम्या हाताची कसं म्हणायचं?

आता तुम्हीच आठवून पाहा. मैदानी खेळांतली कोणती भारतीय शर्यत आपल्या घराघरात सांगितली जाते? रोमला १९६० मध्ये मिल्खासिंग, ४०० मीटर, ४५.६ सेकंद. लॉस एंजलिसला १९८४ मध्ये पी. टी. उषा, ४०० मीटर अडथळे, ५५.४२ सेकंद. दोघंही चौथे. पदक कोणालाच नाही. तरी साठ वर्षं, चाळीस वर्षं झाली आणि आपण ते विसरलो नाही, कारण त्या वेळच्या पेपरांनी आकडा छापला. मी दहा वर्षांची होते. बाबांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला : कांस्यपदक ५५.४१ ला गेलं, उषा सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे राहिली. मी विचारलं, शंभरावा भाग म्हणजे किती? बाबांनी पापणी मिटून दाखवली आणि म्हणाले, एवढा. पुढे शिक्षिका झाल्यावर कळलं, की पापणी मिटायलाच त्याच्या दहापट तरी वेळ लागतो. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात जे शिरलं ते आजवर निघालं नाही. मी या पेशात आले त्याला तो आकडा बराच कारणीभूत आहे. बातमीत नुसतं ‘उषाचे पदक हुकले’ एवढंच असतं, तर बाबांनी पान उलटलं असतं.

आता दुसरं कात्रण. हे जास्त जवळचं आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

शालेय जिल्हा स्पर्धा झाल्या. आमची एक मुलगी सतरा वर्षांखालच्या गटात ८०० मीटरला पहिली आली. नाव लिहीत नाही. तिचे वडील ई-रिक्षा चालवतात. गेल्या वर्षी ती याच स्पर्धेत २ मिनिटं ४४ सेकंदांत धावली होती आणि सहावी आली होती. यंदा २ मिनिटं ३१.४. बारा-तेरा सेकंद एका वर्षात कमी झाले. ते कसे झाले ते मी पाहिलंय. मे महिन्यात आपल्या नागपुरात पहाटे पाचलाही भट्टीजवळ उभं राहिल्यासारखं होतं. तेव्हा ती सेमिनरी हिल्सच्या चढावर आठ-आठ चकरा मारायची आणि त्यानंतर घरचं पाणी भरायला जायची. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या दोनशे मीटरला तिचा डावा खांदा वर चढतो, मान वाकडी होते. त्यावर आम्ही चार महिने घातले. स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या वळणावर तिचा खांदा खाली होता. ते पाहिलं तेव्हाच मला कळलं, की आज काहीतरी होणार.

बातमी आली. चांगली मोठी आली, दोन स्तंभ, फोटोसह. उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं, प्रमुख पाहुणे कोण, विशेष अतिथी कोण, मंचावर कोण उपस्थित होतं, संचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळं पदांसह. मी मोजलं : सोळा ओळी. खाली निकाल : ‘८०० मीटर, मुली’, आणि पुढे तीन नावं, तीन शाळा. वेळ नाही. लांब उडी, तीन नावं, अंतर नाही. गोळाफेक, तीन नावं, अंतर नाही. पहिल्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत एकाही मुलाने काय केलं ते नाही.

संध्याकाळी वडील मैदानावर आले. पेपरची घडी खिशात. बातमी पाहून ते खूश होते, पण काहीतरी टोचत होतं. म्हणाले, “मॅडम, पोरगी पयली आली हे तं मले मालूम होतं. पन ते कितीत पळाली, हे काऊन नाही लिवलं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी त्यांना वहीत लिहिलेली वेळ दाखवली. त्यांनी गेल्या वर्षीची विचारली. दोन्ही आकडे बोटाने एकाखाली एक धरून ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “हे छापून आलं असतं तं मी स्टँडवर दाखवलं असतं.”

‘पहिली आली’ म्हटलं की बाकीच्या मुली कशा होत्या यावर सगळं अवलंबून. दोनच मुली धावल्या तरी एक पहिलीच येते. वेळ मात्र तिची स्वतःची. ती घेऊन ती गडचिरोलीच्या मुलीशेजारी उभी राहू शकते, जिला तिने कधी पाहिलं नाही. नागपूर विभागात सहा जिल्हे. प्रत्येक जिल्ह्याच्या बातमीत वेळ असती, तर विभागीय स्पर्धेला जाण्याआधीच आम्हाला माहीत असतं, की भंडाऱ्याची मुलगी २.२९ धावतेय आणि चंद्रपूरची २.३३. मग सरावाला धार येते, मुलगी झोपायच्या आधी आकड्यांचा हिशेब करते. आज आम्ही विभागाला आंधळ्यासारखे जातो. रांगेत शेजारी कोण उभी आहे, हे शिट्टी वाजेपर्यंत कळत नाही.

यात दोष तुमचा एकट्याचा नाही, हेही मला मान्य करायला हवं. बातमी तुमच्याकडे येते ती आयोजकांच्या प्रेसनोटमधून. ती लिहिणारे आम्हीच, शिक्षक आणि समित्यांची माणसं. पाहुण्याचं नाव राहिलं तर पुढच्या वर्षी मंडप मिळणार नाही याची आम्हाला भीती. मुलीची वेळ राहिली तर कोणी फोन करत नाही. निकालपत्रकात वेळेचा रकाना असतो, पंच त्यात आकडा लिहितात, ते कागद टेबलावर पडलेले असतात. प्रेसनोट करणारा फक्त नावं उतरवून घेतो. मीही दोनदा अशा प्रेसनोट लिहिल्यात. त्यातल्या एकीतही वेळ नव्हती.

एखादा वार्ताहर म्हणेल, की शाळेच्या स्पर्धेतल्या वेळेवर विश्वास काय ठेवायचा. प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी हाताने घड्याळ दाबूनच वेळ घेतात. अशी वेळ दशांश सेकंदात धरतात आणि मधला आकडा आला तर वरच्या दशांशाला नेतात. इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करायची तर १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद आणि ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवायची रीत आहे, कारण शर्यत सुटताना पिस्तुलाच्या धुराकडे पाहून किंवा क्लॅपरचा, म्हणजे आपटायच्या फळ्यांचा, आवाज ऐकून अंगठा दाबेपर्यंत माणसाला तेवढा उशीर होतो. पाठीवर वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल, तर १०० मीटर आणि लांब उडीचा विक्रम धरत नाहीत. हे सगळं तुम्ही एकदा, एका रविवारी, चौकट करून छापा. त्यानंतर आकड्यापुढे नुसतं ‘हातघड्याळ’ असं लिहिलं तरी वाचकाला कळेल. नागपूरचा वाचक शिकतो. त्याचा दाखला तुम्हीच घालून दिलाय.

२०२३ मध्ये आपला ओजस देवतळे बर्लिनला तिरंदाजीचा जगज्जेता झाला. तुम्ही छापलंत : फायनलमध्ये १५० पैकी १५०. त्या आठवड्यात माझ्या भाजीवाल्यालाही कंपाउंड तिरंदाजीत पंधरा बाण असतात हे माहीत होतं. यंदा जुलैत दिव्या देशमुखने बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तुम्ही क्लासिकल डाव म्हणजे काय, टायब्रेक म्हणजे काय, २.५-१.५ हा निकाल कसा लागला, ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर कशी झाली, सगळं समजावून सांगितलंत. बुद्धिबळाचा पट न पाहिलेल्या बायका आमच्या सोसायटीत टायब्रेकवर बोलत होत्या. ते तुमच्या लेखणीमुळे झालं. मग २.२८ मीटरला तेवढं भाग्य का नसावं?

अ‍ॅथलेटिक्सचंही तुम्ही एकदा असं केलंय. २०२३ चा ऑगस्ट, बुडापेस्ट. चार गुणिले चारशे मीटर रिलेच्या हीटमध्ये मुहम्मद अनस, अमोज जेकब, मुहम्मद अजमल आणि राजेश रमेश २ मिनिटं ५९.०५ सेकंदांत धावले, अमेरिकेच्या मागे दुसरे, त्या वेळचा आशियाई विक्रम. फायनलला पाचवे आले, २.५९.९२. पदक नव्हतं. पण आकडा छापून आला होता, ठळक. ते कात्रण अजून कपाटावर आहे. त्या आठवड्यात काय झालं ते सांगते. माझी चार पोरं प्लंबरकडून पाइपचा तुकडा कापून घेऊन आली आणि म्हणाली, मॅडम, आमची वेळ घ्या. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या ट्रॅकवर मी त्यांची वेळ घेतली. ४ मिनिटं ६ सेकंद. एकाने लगेच भागाकार केला : भारताचा एक जण सरासरी पावणेपंचेचाळीस सेकंदांत, आपला एक जण साडेएकसष्टमध्ये. दुसरा म्हणाला, म्हणजे प्रत्येकी सतरा सेकंद कमी करायचेत. हसला कोणी नाही. दिवाळीपर्यंत त्यांनी ३.५८ केलं. त्या चौघांतला एक आता सैन्यभरतीची तयारी करतोय आणि अजूनही सोळाशे मीटरची वेळ मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.

अकरा ओळींच्या बातमीत आकडा असला तर काय होतं, याचा माझ्याकडे एवढाच पुरावा आहे. मला तो पुरेसा वाटतो.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. उत्तेजकांची बातमी आली, की ती पहिल्या पानावर असते, फोटोसह, औषधाच्या नावासह. छापायलाच हवी. आपल्या खेळाला लागलेली ही कीड आहे आणि शाळेपासून ती दिसू लागलीये, हे मी मैदानावर उभी राहून सांगते. पण त्याच मुलाच्या वेळा आधीची दोन वर्षं छापल्या गेल्या असत्या, तर कोणीतरी विचारलं असतं, की बाबा रे, तीन महिन्यांत इतका फरक कशाने पडला? मैदानावर येणाऱ्यांची कुजबुज तिथेच राहते. छापील आकडा सगळ्यांसमोर असतो, त्याला प्रश्न विचारता येतो. वयचोरीचंही तसंच. प्रामाणिकपणे दरवर्षी दोन-तीन सेकंद कमी करत गेलेल्या मुलीला स्वतःच्या मेहनतीचा पुरावा म्हणूनही तो आकडा हवाय. आपल्या राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. तिथे प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्रावर येतो फक्त क्रमांक. त्यामुळे पालकही क्रमांकच विचारतात. ‘कितीत?’ असा प्रश्न विचारणारा पालक मला सव्वीस वर्षांत तो ई-रिक्षावाला एकच भेटला.

तेव्हा माझं मागणं अगदी साधं आहे. राष्ट्रीय चमू बाहेर खेळायला गेला, की ज्याचं नाव छापाल त्याची वेळ किंवा अंतर छापा आणि कंसात त्याची आधीची सर्वोत्तम कामगिरी. ‘सर्वेश कुशारे, सहावा, २.२८ मीटर (आधी २.२७)’. एवढी एक ओळ. ती वाचली की पदक नसलं तरी माणूस पुढे गेला की मागे पडला, हे वाचकाला आपोआप कळेल. मागे पडला असेल तर तेही लिहा, आम्ही त्यासाठी नाराज होणार नाही. पुढच्या वर्षी, २०२६ च्या सप्टेंबरात, जपानमध्ये आइची-नागोयाला आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. तिथे पदकं येतील, पहिली पानं रंगतील. यंदा गुमीच्या आशियाई मैदानी स्पर्धेत आपल्याला २४ पदकं होती, त्यात ८ सुवर्ण. माझी विनंती पदक न मिळालेल्यांसाठी आहे. तिथेही चौथे, सहावे, नववे येणारे असतील आणि त्यातले काही आयुष्यात सर्वांत चांगलं खेळून आलेले असतील. ते कोण हे आकड्याशिवाय कसं कळणार?

आणि जिल्ह्याच्या निकालात पाहुण्यांच्या चार ओळी कमी झाल्या तर तेवढ्यात सगळ्या मैदानी प्रकारांच्या पहिल्या तिघांच्या वेळा बसतात. मी आमच्या निकालपत्रकावर पेन्सिलने मांडून पाहिलंय, बसतात. यंदापासून आमच्या शाळेच्या प्रत्येक प्रेसनोटमध्ये वेळ आणि अंतर नावाच्या आधी असेल, हे मी माझ्याकडून लिहून देते. आमच्या परिसरातल्या आणखी सहा शाळांच्या क्रीडाशिक्षकांशी बोलले आहे, त्यांनीही कबूल केलंय. विभागीय स्पर्धेचे निकाल त्याच संध्याकाळी सातच्या आत, टाइप करून, तुम्हाला पाठवायची जबाबदारी माझी.

तुमच्यापैकी कोणाला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर या. रविवारी सकाळी सहाला आम्ही मानकापूरला असतो, वळणाच्या आतल्या बाजूला, निळ्या पाण्याच्या कॅनजवळ. ती मुलगी त्या दिवशी पुन्हा ८०० धावणार आहे. २.३० च्या आत यायचं असं तिने ठरवलंय. माझ्याकडे दोन घड्याळं आहेत. एक तुमच्या हातात देईन.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
नागपूर